त्या सालचा सेंटर फॉरवर्ड

फोन आला तेव्हा जानराव वाशीमच्या पाटणी चौकाच्या कडेला भाजीच्या गाडीपाशी उभा राहून मेथीची जुडी उलटीपालटी करत होता. जुडी कालची होती, देठं काळी पडली होती. फोनवर केनवडचा वीरेंद्र होता, मोहनसिंगचा मुलगा. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. "सकाळी उठवाले गेलो, त उठलेच नाई." मागून एक ट्रॅक्टर चालला होता, रिकामी ट्रॉली खडखडत होती, तरी शब्द अगदी स्वच्छ ऐकू आले. "बरं," जानराव म्हणाला. वीरेंद्र म्हणाला की मालेगावचे पाहुणे आले की दुपारी नेऊ. "बरं," जानराव पुन्हा म्हणाला, फोन खिशात टाकला आणि भाजीवालीला म्हणाला, "कालची हाये हे. दुसरी दे." तिने दुसरी दिली. ती त्याने नाकाशी धरून पाहिली, पिशवीत टाकली, वरून दोन हिरव्या मिरच्याही मागून घेतल्या आणि घराकडे चालू लागला.

बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर त्याचे पाय थांबले. आपण 'बरं' म्हणालो. गॅसचा सिलिंडर उद्या येईल असं कुणी सांगितल्यावर म्हणावं, तसं. मोहनसिंग गेला, बरं, दुसरी दे. दुखऱ्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं त्याने आतल्या आत सगळीकडे चाचपून पाहिलं. कुठंच काही दुखलं नाही. गिरणीच्या शटरवर कुणीतरी शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवली होती, ती तो पूर्ण वाचून होईपर्यंत उभा राहिला. वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्याला सांगता आलं नसतं. घरी गोजराबाईला सांगितलं तेव्हा ती चुलीवर हात भाजावा तशी मागे सरकली, मटकन खाली बसली आणि रडू लागली. मोहनसिंगला ती फार तर लग्नकार्यात भेटलेली. "मांगच्याच साली त त्यायनं हुरडा धाडला होता वो आपल्याले," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. जानराव तिच्याकडे बघत राहिला. रडणं तिला किती सोपं गेलं! एखादी उघडी खिडकी असावी आणि वारा यावा, तसं. "तुमी असे उभे काहून राह्यले?" ती म्हणाली. "बसा ना जरा." "मले बस धरा लागते," तो म्हणाला आणि धुतलेला पांढरा सदरा शोधायला आत गेला.

जवळच्याच मालेगावच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. बाहेर तुरी निघून गेलेल्या वावरांमध्ये नुसती धसकटं उभी होती, मधूनच हरभऱ्याचा एखादा हिरवा तुकडा. माघ संपत आला होता आणि दहा वाजायच्या आतच काच तापू लागली होती. त्याने मोहनसिंगचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आला तो म्हातारा चेहरा, पांढऱ्या मिशांचा, मालेगावच्या बाजारात कधीमधी भेटणारा, सोयाबीनला आलेल्या पिवळ्या रोगाबद्दल बोलणारा. त्याच्यामागचा विशीतला चेहरा काही केल्या पुढे येईना. शाळेत जानराव मुलांना सांगत असे की शरीराला सगळं आठवतं, डोकं विसरलं तरी. पस्तीसेक वर्षं तो वाशीमच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होता. निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला होता, तरी चौकात कुणी ना कुणी टकला, पोट सुटलेला माणूस मोटारसायकल थांबवून म्हणायचा, "सर, वळखलं का? तुमच्या टीममंधी होतो." मग तो मागे बसलेल्या बायकोला सांगायचा, "हे आमचे सर. यायनं युनिव्हर्सिटीची फायनल खेळली आहे. सेंटर फॉरवर्ड." जानराव हसायचा. त्या हसण्याच्या खाली नेहमी एक खडा असायचा, बुटात गेलेल्या खड्यासारखा, चालता येतं पण विसरता येत नाही. तो खडा म्हणजे मोहनसिंग.

अकोल्याच्या कॉलेजात दोघं एकाच साली आले. जानराव आसेगावचा, मोहनसिंग केनवडचा. वसतिगृहात खोली एक, बादली एक, फोडणीच्या भाताला कंटाळून रात्री शेजारच्या मळ्यातले पेरू चोरायचे ते दोघांनी मिळून. फुटबॉल गावात कुणी पाहिला नव्हता. कॉलेजातल्या खेळाच्या चिमोटे सरांनी दोघांच्या पोटऱ्या बघून त्यांना मैदानात उभं केलं, आणि पावसाळा संपेपर्यंत एवढं ठरून गेलं की मोहनसिंग खेळणार आणि जानराव रेषेबाहेर बसणार. मधली जागा मोहनसिंगची. जानराव बाहेर लिंबं कापायचा, कुणाच्या पायात गोळा आला तर पाय ताणून द्यायचा, आणि बघायचा. दोन हंगाम तो बघत राहिला. सरावापुरतं खेळायचा, सामन्यात कधी कुणाच्या जागी पाच-दहा मिनिटं आत गेला तर गेला. त्याला त्याचं फार वाईट वाटल्याचं आठवत नव्हतं. मोहनसिंगच्या हाती चेंडू लागला, म्हणजे पायी लागला, की सगळं मैदान तिकडे कलायचं. आपण त्या कलण्यातलेच एक, एवढं त्याला पुरत होतं. आणि मग दुसरा हंगाम संपल्यावर, उन्हाळा लागायच्या आत, एका सकाळी मोहनसिंगने ट्रंक उचलली आणि तो गावी गेला. महिन्याभराने कळलं की तो फौजेत भरती झाला. जाताना एवढंच म्हणाला होता, "तू खेळ आता." पुढे पूर्वेकडच्या सरहद्दीवरच्या बातम्या येऊ लागल्या, निर्वासितांचे लोंढे, छावण्या, आणि वसतिगृहात जो तो म्हणू लागला की बघा, मोहनसिंगला आधीच समजलं होतं. त्याच्या मागोमाग आणखी दोघं गेले. पावसाळ्यात संघ मैदानात उतरला तेव्हा चिमोटे सरांनी जानरावच्या खांद्यावर हात ठेवला. "मधात तू," ते म्हणाले. जानरावने ते ऐकलं ते असं: आता कुणी उरलं नाही, तेव्हा तू.

त्या हंगामात तो खेळला ते कसा खेळला, हे त्याला आजही नीट सांगता येत नव्हतं. लोक म्हणायचे, चांगला खेळला. संघ जिंकत गेला. फायनल नागपूरला, डिसेंबरात, ऐन लढाईत. अंधार पडायच्या आत सगळं आटपायचं म्हणून सामना भर दुपारी ठेवलेला. प्रेक्षकांत ज्याच्या-त्याच्या कानाला ट्रान्झिस्टर. शेवटच्या काही मिनिटांत जानरावच्या पायी चेंडू आला, समोर दोघं होते, मग नव्हते, आणि चेंडू जाळीत होता. आणि त्याच क्षणी सगळं मैदान ओरडलं. टोप्या उडाल्या, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. जानराव हात वर करून त्यांच्याकडे धावला. जवळ गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की बरेच जण मैदानाकडे पाहतच नाहीत, ट्रान्झिस्टरकडे पाहताहेत. कुठलंसं ठाणं पडलं होतं. ते ओरडणं गोलासाठी होतं की ठाण्यासाठी, हे त्याला पुढे कधीच कळलं नाही, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. त्या गोलावर त्याला विद्यापीठाचा 'कलर' हा खेळाडूचा मान मिळाला, नोकरी मिळाली, गोजराबाईच्या वडलांनी मुलगी दिली तीही त्यातच आली. मधे एकदा मुंबईला एका कंपनीच्या संघासाठी निवड चाचणीला गेला. तिथला एक जाडा सेक्रेटरी कागद बघत म्हणाला, "एकाहत्तरचं साल? अहो, लढाईच्या सालात काय, कुणीही खेळायचं." तो हे वाईटपणाने म्हणाला नाही, सहज म्हणाला. जानराव महिनाभर बाकावर बसला आणि परत आला. गाडीत त्याला वाटलं होतं की आपल्याला कुणीतरी अखेर खऱ्या नावाने हाक मारली.

मोहनसिंगचा डावा पाय गेला तो लढाई थांबल्यानंतर. जमिनीत पेरलेले सुरुंग काढायला त्याच्या तुकडीला लावलं होतं. गुडघ्याखालचा भाग गेला. पुण्याहून पाय लावून तो केनवडला आला तेव्हा जानराव भेटायला गेला होता. मोहनसिंग बाजेवर बसला होता, पाय काढून भिंतीशी उभा केलेला. "खेळलास म्हने," तो म्हणाला. "हो." "गोल मारला म्हने." "हो." मोहनसिंगने मान हलवली, म्हणाला, "चांगलं झालं." त्यानंतर पन्नासेक वर्षांत फुटबॉलचा शब्द दोघांत निघाला नाही. भेटी होत राहिल्या, बाजारात, लग्नात, एकमेकांच्या आयांच्या तेराव्याला. पाऊस, पिकं, पोरांची शिक्षणं. दर वेळी जानरावला वाटायचं, आज हा म्हणेल, माझ्या जागेवर बसून जेवलास जन्मभर. मोहनसिंग म्हणायचा, "चहा घे." हळूहळू ते वाट बघणंही सवयीचं झालं, आणि सवय झाली की कुठलीही गोष्ट बधिर होते. मालेगावला गाडी बदलताना, मेहकरकडच्या बसच्या दारात लोक रेटत असताना त्याला एकदम प्रश्न पडला की सकाळी 'बरं' म्हणताना आपल्याला जे वाटलं ते सुटल्यासारखं वाटलं असेल काय. त्याने तेही चाचपून पाहिलं. तेही नव्हतं.

केनवडला पोचला तेव्हा मोहनसिंगला अंघोळ घालून झाली होती. अंगणात माणसं होती, कोपऱ्यात तुरीची पोती रचून त्यावर ताडपत्री टाकली होती आणि ताडपत्रीवर कुणाच्या तरी पिशव्या. वीरेंद्रने येऊन पाय धरले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, डोळे सुजलेले. त्याने जानरावला जरा बाजूला घेतलं. "काका, एक इचाराचं होतं. पायाचं काय करावं?" तो पाय दाराआड उभा होता, पट्ट्यांसकट, बुटासकट. लाकडाचा पहिला पाय कधीच गेला होता, हा अलीकडचा, प्लास्टिकचा, पण घरात सगळे अजून त्याला लाकडी पायच म्हणत. "कोनी म्हनते संगं ठेवा, कोनी म्हनते नोको, जळला त वास येते," वीरेंद्र म्हणाला. जानराव पायाकडे बघत राहिला. बुटाला पॉलिश होतं. "राहू दे घरीच," तो म्हणाला. का म्हणाला ते त्याला माहीत नव्हतं, पण वीरेंद्रने लगेच मान हलवली, कुणीतरी ठरवून दिल्याने मोकळा झाल्यासारखी. वाटेत तिरडीला जानरावनेही हात लावला. वजन जाणवलं नाही. स्मशानात लाकडं चांगली वाळलेली होती, चटकन पेटली. माणसं झाडांच्या सावलीत सरकली आणि हळूच रस्त्याच्या कामाबद्दल बोलू लागली. जानराव उन्हातच उभा राहिला, चेहऱ्यावर झळ येईपर्यंत. झळ आली ती त्याला कळली, तेवढीच.

परत आल्यावर लोक पांगले. जेवण शेजारच्या घरून आलं, झुणका आणि भाकर, आणि जानरावने ते सगळं खाल्लं, भूक होती म्हणून. तो निघायच्या बेतात असताना वीरेंद्रची बायको मंजू बाहेर आली. "काका, आत्याबाई बोलावून राह्यल्या तुमाले." धनीबाई, तिची सासू, ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. हात मोकळे, बांगड्या सकाळीच फोडलेल्या, मनगटावर एक बारीक ओरखडा. मोहनसिंगची बायको म्हणून जानरावने तिला इतकी वर्षं पाहिलं होतं, पण ती कायम चहाचा कप घेऊन येणारी आणि आत जाणारी. बसून बोलायची वेळ आली नव्हती. तो पायरीवर बसला.

"लवकर सांगतलं ना वीरेंद्रनं?" तिने विचारलं.

"सकाळीच सांगतलं, वयनी."

"मी म्हटलं त्याले, पयले जानराव भाऊजीले लाव फोन. बाकीच्याईले मंग." तिने पदर सारखा केला. "त्यायचं तुमच्यावर लय होतं. बोलत नव्हते, पन होतं."

 जानरावच्या तोंडातून आपोआप ते वाक्य आलं, जे त्याने पन्नास वर्षं कुणाजवळ काढलं नव्हतं, आणि ते इतक्या कोरड्या आवाजात आलं की जणू तो दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. "वयनी, मी जलमभर त्याच्याच जागेवर बसलो. तो लढाईवर गेला म्हून मी खेळलो. नाई त मी लिंबं कापत राह्यलो असतो."

धनीबाईने त्याच्याकडे पाहिलं.  "तुमाले ठाव नाई?" ती म्हणाली.

"काय?"

"लढाई मांगून आली, भाऊजी. पयले तुमी आले." ती सावकाश बोलत होती, लहान मुलाला सांगावं तशी. "त्या सरनं त्यायले बोलावलं होतं ना. म्हने, पुढच्या सालापासून मधात जानराव खेळन. तो बसून बसून तुह्याहून मोठा झाला म्हने. तू मांगं खेळ, नाई त बाहेर बस. हे घरी आले अन् बापाले म्हने, मले कॉलेज नोको. अन् गेले भरतीले. लढाई कुठं होती तवा?"

"कोनं सांगतलं तुमाले हे?"

"कोनं म्हंजे? त्यायनंच. लगन झालं त्या साली. एकडावच सांगतलं, मंग नाई."

अंगणात एक कोंबडी ताडपत्रीखाली शिरायचा प्रयत्न करत होती. जानराव तिच्याकडे बघत राहिला. चिमोटे सरांचा हात त्याला खांद्यावर जाणवला, आणि दोन शब्द, मधात तू. त्या दोन शब्दांत त्याने जे ऐकलं ते तिथं नव्हतंच. म्हणजे जागा त्याची होती. म्हणजे बुटात खडा नव्हता. आणि लगोलग, त्याच श्वासात, म्हणजे तो पाय. म्हणजे दाराआड उभा असलेला तो पॉलिश केलेला बूट. जे हलकं व्हायला हवं होतं ते हलकं झालं नाही, फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं, आणि कुठला खांदा बरा हे त्याला ठरवता येईना.

"मले काहून नाई सांगतलं त्यानं?"

"तुमी कदी इचारलं?" धनीबाई म्हणाली. मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "त्यायले वाटे, तुमाले ठाव आहे. ठाव असून तुमी काढत नाई. ते म्हनत, दुसरा कोनी असता त येता-जाता टोचलं असतं, जानराव कदी एका शब्दानं बोलला नाई. म्हून त्यायले तुमचं बरं वाटे."

 तो आणि मोहनसिंग, दोघंही आपापल्या बाजूने एकच गोष्ट झाकून चहा पीत राहिले होते, आणि झाकणाखाली दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ऊन ओसरीच्या पायरीवर चढलं. मंजूने आतून भांडी सारल्याचा आवाज आला. धनीबाई काहीतरी मनाशी ठरवत असल्यासारखी खांबावरून बोट फिरवत होती.

"भाऊजी, एक इचारू?" ती म्हणाली. "मी आली या घरात तवा पाय गेलेलाच होता. मी त्यायले कदी पयताना पाह्यलं नाई. एकडावबी नाई. कसे पयत ते?"

"लय जोरात," जानराव म्हणाला. ती थांबून राहिली, पुढे काही येईल म्हणून. त्या पळण्यासाठी त्याने शब्द शोधले, पण शाळेतली बक्षीस समारंभातली भाषणंच तोंडाशी येत होती, वारा आणि वीज आणि हरीण. यातलं काहीच मोहनसिंग नव्हतं. तो उठला. चपला काढल्या आणि अंगणात उतरला. तापलेल्या मातीचा चटका तळव्यांना बसला. "हात असे," तो म्हणाला आणि हात खाली सोडले, अगदी मांड्यांपर्यंत, जणू दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी. "पयताना हात हालवतच नसे. अन् मान अशी. डाव्या खांद्यावरून मांगं, कोनी हाक मारली असं वाटे." आणि तो पळाला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पांढऱ्या सदऱ्यात, स्मशानातून आलेला, तुरीच्या पोत्यांपासून गोठ्याच्या दारापर्यंत. बारीक बारीक पावलं, आणि मधेच एक लांब टांग. गुडघ्यात कळ गेली. गोठ्यापाशी तो एकदम थांबला, थांबला म्हणजे खिळला, जसा मोहनसिंग खिळायचा. "हे पाहा. असा थांबे. समोरचा आपल्याच जोरात पुढं निंघून जाये. अन् मंग हा सावकाश वळे." वीरेंद्र दारात येऊन उभा राहिला होता, मंजू त्याच्यामागे.  जानरावला प्रत्येक पाऊल आठवत होतं. बाहेर बसून पाहिलेले ते दोन हंगाम त्याच्या पोटऱ्यांत जसेच्या तसे होते. तो विशीतला चेहरा, जो गाडीत येत नव्हता, तोही आता होता, मान मागे वळवून हसणारा.

"आसे होय," धनीबाई म्हणाली. ती खांब धरून उभी राहिली होती. डोळे कोरडेच होते, पण ती एकटक बघत होती, पुन्हा कधी बघायला मिळणार नाही अशा गोष्टीकडे बघतात तशी. मग तिने विचारलं, "अन् तुमी? तुमी कसे पयत?"

जानराव धापा टाकत हसला. "मले काय ठाव, वयनी. मानसाले सोताचं पयनं दिसते का?"

"त्यायले दिसलं होतं," ती म्हणाली. "मी एकडाव लय मांगं लागली होती. म्हटलं, तुमी कसे खेळा ते दाखवा. त म्हने, माह्यं राहू दे, जानराव कसा पये ते पाह. अन् याच आंगनात दाखवलं. लाकडी पाय लावून. चार-पाच पावलं गेले अन् पडले. मंग दोघंबी हासलो आमी. पोट धरून हासलो."

"कसं?" जानराव म्हणाला.  "कसं दाखवलं?"

धनीबाईने पदर कमरेला खोचला. एक हात खांबावर ठेवला, पाय जरासे फाकवले, आणि मोकळ्या मनगटाचा दुसरा हात लांब करून उजवा खांदा खाली टाकला, झटकन, वाकून कुणाच्या काखेखालून निसटावं तसा. "आसा," ती म्हणाली. "आधी खांदा पडे म्हने. समोरच्याले वाटे, हा उजवीकडं चालला. अन् हा डावीकडून पार."

जानराव अंगणाच्या मधोमध उभा होता. त्याचा उजवा खांदा खाली गेला. त्याने टाकला नव्हता, आपला आपणच गेला, आणि सगळं अंग त्याच्यामागे डाव्या पायावर आलं. समोर दोघं होते, मग नव्हते. मग त्याला दोन्ही हात जमिनीला टेकून खाली बसावं लागलं, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. वीरेंद्र पुढे धावला. धनीबाईने त्याला हाताने थांबवलं.

"राहू दे त्यायले," ती म्हणाली. मग आत वळून म्हणाली, "मंजू, पानी आन वो."